शैलावनाचे खड्डे

नारायण पेठेत शेंड्यांचं दुकान शोधायचं असेल तर कुणाला पत्ता विचारू नये. विचारलात तर तुमचं तिथं काय काम आहे, हे आधी सांगावं लागेल. आपलं सरळ पाटी शोधावी. 'चष्मे, घड्याळे व दुर्बिणी दुरुस्त करून मिळतील. दुर्बिणीतून काय दिसेल याची हमी नाही.' ही दुसरी ओळ शैलाताईंच्या वडिलांनी लिहवून घेतली. झालं होतं असं, की शर्यतीच्या नादातल्या एका शौकीन गृहस्थांनी दुरुस्त केलेली दुर्बीण तावातावानं परत आणून टेबलावर आपटली. म्हणाले, "हिच्यातून माझा घोडा पुढं दिसत होता. हरला!" वडिलांनी दुर्बीण पुसली, डोळ्याला लावली आणि म्हणाले, "मला तुम्हीही शहाणे दिसताय. दुर्बिणीवर किती विश्वास ठेवायचा?" दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि पाटीवर ओळ वाढली.

शैलाताई त्याच बापाची लेक. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर त्या म्हणतात, "तुम्ही केलंत ना? मग कसं आहे?" वडिलांच्या मागं दुकान त्यांनीच चालवलं, आणि भावाची नोकरी सारखी बदलीची म्हणून त्याची मुलगी तनुजा शाळेत असल्यापासून सांभाळली तीही त्यांनीच.

आता चष्मेवाली बाई पाखरांच्या नादी कशी लागली, ते सांगायला हवं. दुर्बिणीला नळ्या दोन. दोन्ही एकाच जागी बघतायत की एकीचा कल सासरी आणि एकीचा माहेरी, हे लांबच्या वस्तूवर रोखल्याशिवाय कळत नाही. पेठेत लांबचं असं काय दिसणार? समोरच्या घाणेकरांची गॅलरी. तिथं दुर्बीण रोखली तेव्हा घाणेकरकाकूंनी ओरडून सांगितलं, "अहो शेंडे, आमच्याकडे काय शिजलंय ते तोंडानं विचारा की!" तेव्हापासून दुरुस्त झालेल्या दुर्बिणी पिशवीत घालायच्या, स्वारगेटला बस पकडायची, लोणी काळभोरच्या अलीकडं उतरायचं आणि खडकाळवाडीच्या माळावर जाऊन त्या तपासायच्या, अशी शैलाताईंनी रीत पाडली. हे गाव आता शहराच्या हद्दीत आलंय, पण माळाला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. झाड नाही, भिंत नाही. नजर जाईल तिथवर बुटकं गवत आणि दगड.

एक दिवस त्या एका लांबच्या दगडावर दुर्बीण जुळवत बसल्या होत्या आणि तो दगड पळाला.

पळाला, थांबला, वाकून काहीतरी टिपलं, ताठ झाला, परत पळाला. पाय उंच, अंग मातीच्या रंगाचं, डोळ्यावर काळीपांढरी रेघ. घरी येऊन पुस्तक धुंडाळलं तेव्हा कळलं, याला धाविक म्हणतात. उडता येत असून पळणारा पक्षी. झाडावर बसत नाही, घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि अंडीही अशी, की खड्यांत ठेवली तर आईलाच सापडावीत. शैलाताई पुढच्या रविवारी परत गेल्या. त्याच्या पुढच्याही. मग दुरुस्तीला दुर्बीण नसली तरी जायला लागल्या.

तिथंच गेनबा भेटला. गेनबा महानवर हा धनगर. दिवाळी झाली की आपला वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं असा सगळा बारदाना घेऊन घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाळ्याला परत माळावर यायचा. माळावर दुर्बीण लावून बसलेली बाई बघून तो लांबूनच ओरडला, "किती गुंठं?"

"काय?"

"मोजताय न्हवं? बिल्डरच्या का?"

"मी पाखरं बघतेय."

गेनबानं जरा विचार केला. "इकत घ्यायचीत?"

"नाही. नुसती बघतेय."

"मंग बसा," गेनबा म्हणाला. मोजणीवाली नाही, इतकं त्याला पुरे होतं. पण त्याची बायको तुळजाबाई तेवढ्यावर भागणारी नव्हती. तिनं येऊन दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला लावली, आपला नवरा बघितला आणि परत करत म्हणाली, "जवळनं बी तसाच दिसतोय. घ्या तुमची."

तर अशी ओळख. पुढं शैलाताईंच्या लक्षात आलं, की धाविकाची अंडी घालायची वेळ आणि मेंढरं माळावर परतायची वेळ साधारण एकच. खुराखाली अंडी जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितली. दुकानात येणारी पक्षीवाली मंडळी म्हणाली, माळाला कुंपण घाला. शैलाताई म्हणाल्या, "तुमच्या दिवाणखान्याला घालू का आधी?" त्या गेनबाकडं गेल्या आणि सरळ विचारलं, की माळाची खालची पट्टी पावसाळाभर सोडता येईल का? गेनबालाही ते पटलं. त्याच्या आज्याच्या वेळी म्हणे गवत कमरेला लागायचं आणि पाखरांनी माळ वाजत असायचा. तेव्हा गवत वाढू दिलं की पाखरं येणार, यावर पेठेचं आणि वाड्याचं एकमत झालं. अशी एकमतं क्वचित होतात. आणि झाली की सांभाळावीत, कारण ती बहुतेक चुकीची असतात.

गवत वाढलं. गुडघ्यापर्यंत आलं, डोलायला लागलं. शैलाताई खूश, गेनबा खूश. धाविक मात्र पट्टी सोडून निघून गेला. शोधता शोधता कुठं सापडावा? गेनबाच्याच वाड्याशेजारी, मेंढरांनी खरवडून खाल्लेल्या जमिनीवर, लेंड्यांमधले किडे टिपत मजेत पळत होता. उंच गवतात त्या बिचाऱ्याला पळता येईना, की लांबचा कोल्हा दिसेना.

"म्हंजी त्येला मेंढरं बी पायजेत," गेनबा कपाळावर हात मारून म्हणाला.

"आणि नकोही आहेत," शैलाताई म्हणाल्या.

तुळजाबाई म्हणाली, "सुनंगत हाय की. सासू पायजे, पर सैपाकघरात नगं."

तुळजाबाईच्या या एका वाक्यावर पुढची सगळी घडी बसली. कोकणातून परतल्याबरोबर, पाखरांच्या जोड्या जुळायच्या आधी, मेंढरांनी खालची पट्टी चरून बुटकी करायची. अंडी पडायला लागली की बाहेर निघायचं. पिल्लं पळती झाली की परत आत. माळाची वरची उतरण मात्र दाट ठेवायची, लावे आणि थंडीत येणारे भोवत्यांसारखे शिकारी पक्षी तिथं राहतात. बदल्यात पक्षीवाल्या मंडळींनी पावसाळ्याच्या तोंडाला जनावरांचा डॉक्टर माळावर आणून मेंढरांना लस टोचून द्यायची. हे सगळं कागदावर उतरवून, खाली सह्यांना जागा सोडून, शैलाताई घेऊन गेल्या. माळावरच्या सातही वाड्यांची माणसं जमली. तुळजाबाईनं कागद उलटासुलटा करून बघितला.

"कागूद आमची शेळी खाती," ती म्हणाली. "भंडार खात न्हाय."

माळाच्या मध्यावर खंडोबाचं ठाणं आहे. एक चौथरा, शेंदूर फासलेला तांदळ्याचा दगड आणि वर आभाळ. गेनबानं तिथला बेल-भंडार उचलला आणि म्हणाला, "पाखरांची अंडी हायेत तवर खालच्या पट्टीत मेंढरू घालनार न्हाय." मग सगळे शैलाताईंकडं बघायला लागले.

"मी काय?"

"येका हातानं टाळी वाजती व्हय, ताई?"

शैलाताई देवळात गेल्या तरी देवापेक्षा घुमटातल्या पाकोळ्या बघणाऱ्या. पण उचलला त्यांनी भंडारा. काय बोलायचं ते तुळजाबाईनं सांगितलं, कारण आसपासचे माळ कसे गेले ते तिनं बघितलं होतं. कुठं प्लॉट पडले, कुठं चर खणले, आणि खणणारा प्रत्येक जण तुमच्या भल्यासाठीच खणतोय म्हणाला. शैलाताईंनी तिच्यामागून म्हटलं, "माझ्या माणसांच्या हातून या माळावर कुदळ पडणार नाही."

माझी माणसं कोण? शैलाताईंच्या मनात तेव्हा पाचसहा दुर्बीणवाले होते. बोलून मोकळ्या झाल्या.

ती घडी बरीच वर्षं मोडली नाही. धाविक वाढले. पखुर्डी पक्ष्यांची जोडपी दिसू लागली. शेजारच्या दोन माळांवरचे वाडेवाले येऊन विचारून गेले, की आमच्याकडं डॉक्टर कधी आणताय? शैलाताई तिकडंही जाऊ लागल्या. गेनबाला बरोबर घेऊन, त्याला स्कूटरवर मागं बसवून. गेनबा घोडीवर बसणारा माणूस. स्कूटरवर बसला की दोन्ही हातांनी शैलाताईंची पिशवी धरायचा आणि डोळे मिटून 'येळकोट' म्हणायचा.

या जूनमध्ये शैलाताईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. धूळ नको, ऊन नको, स्कूटर तर नकोच, असं डॉक्टरांनी बजावलं. लोकांचे डोळे सांभाळण्यात जन्म गेला आणि स्वतःचा डोळा मिटून बसायची वेळ आली म्हणून त्या घरात नुसत्या चिडचिडत होत्या. तनुजा आता पंचविशी ओलांडलेली, खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत लागलेली. ती हल्ली फोन आला की आतल्या खोलीत जाऊन कुजबुजायची. शैलाताईंना वाटलं, कुठंतरी जमलंय हिचं. विचारलं नाही. आपल्याला विचारलेलं आवडत नाही, तर आपण कशाला विचारायचं?

जुलैच्या एका शुक्रवारी डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि त्या तडक माळावर गेल्या. नवा डोळा असा लख्ख, की फाट्यावरूनच त्यांना पाटी दिसली. पाटी कसली, लोखंडी चौकटीवर ताणलेला चांगला खाटेएवढा फ्लेक्स. त्यावर हातात दुर्बीण घेतलेल्या, हसऱ्या शैलाताई. वर हिरवी अक्षरं: 'शैलावन. साठीनिमित्त निसर्गाला भेट.' आणि फ्लेक्सच्या मागं, खालच्या पट्टीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं खणलेले खड्डे.

गेनबा चौथऱ्यावर बसला होता. उठला नाही. नेहमी उठायचा.

"गेनबा, हे कुणी केलं?"

"तुमच्या मानसांनी. मजूर घेऊन आलती."

"माझ्या कुठल्या माणसांनी?"

गेनबानं काठीनं फ्लेक्सकडं दाखवलं. तुळजाबाई मागून आली. "फोटू तुमचाच हाय न्हवं?"

"आहे."

"मंग?"

"अहो, मला ठाऊक नाही यातलं! मी डोळ्याला पट्टी बांधून घरात होते. मला फोन नाही का करायचा?"

"नाव तुमचं, फोटू तुमचा. मंग फोन कुनाला करायचा?" तुळजाबाई म्हणाली. "म्हनलं, ताईंला साठ झाली. आता आमची गरज न्हाय."

शैलाताईंनी मेंढरं कुठं आहेत ते बघितलं. वाड्याकडच्या अंगाला होती. खालच्या पट्टीत एक नव्हतं.

"तुम्ही आत घातली नाहीत?"

"अंडी हायेत अजून," गेनबा म्हणाला. "आमची आण आमच्यापाशी. पर आयतवारी झाडं लावायची हायेत म्हनं. ती लागली की आमी भंडार परत देवाला घालनार. सातीच्या साती वाडे. मंग ज्येला जिकडं चारायचं त्यो तिकडं चारंल. दुसऱ्या माळावरच्यांनी बी आजच निरोप धाडलाय."

म्हणजे एका रविवारात सगळं जाणार होतं. पट्टी जाणार, पाखरं जाणार, आणि एवढ्या वर्षांत मिळवलेला सात वाड्यांचा भरवसाही.

"मी भरपाई..." त्यांनी सुरुवात केली.

"न्हाय," गेनबा म्हणाला. "ज्येच्या मानसानं मोडलं, त्येच्या मानसानं जोडायचं. तोंडानं न्हाय. हातानं."

घरी आल्या तेव्हा तनुजा ओट्याशी चहा करत होती. शैलाताईंनी पिशवी खुंटीला लावली. "तनू, पंचा कुठाय गं? तोंड पुसते. पाटीवर माझं तोंड एवढं मोठं झालंय, पंचा पुरतोय का बघू."

तनुजा गर्रकन वळली. "तू गेली होतीस? अगं आत्या! सगळं सरप्राइज घालवलंस ना!"

"माझं सरप्राइज छान झालं."

"थांब, चिडू नको, ऐक. आमच्या कंपनीची ग्रीन ड्राइव्ह असते दर वर्षी. मी प्रपोजल दिलं, की माझी आत्या इतकी वर्षं त्या माळावर पक्ष्यांसाठी काम करते आणि तिथं एक झाड नाही. एक! त्या गावच्या बापूरावांशी बोलले, ते लगेच हो म्हणाले. दोनशे लोक येतायत. सगळी देशी झाडं, हां. वड, पिंपळ, कडुनिंब. तुला पक्षी आवडतात म्हणून..." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "तू रडतेयस?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पाणी येतं," शैलाताई म्हणाल्या.

बघा आता. घरातली पोर. तिनं हौसेनं, कुणी न सांगता, आत्याच्या साठीसाठी दोनशे माणसं गोळा केली. नव्या नोकरीत तिच्या नावावर झालेलं हे पहिलं काम. ते मोडावं तर पोरीचं तोंड चारचौघांत खाली जाणार. आणि न मोडावं तर भंडारा उचलला होता. शैलाताईंनी चहा संपेपर्यंत काही ठरवलं नाही. कप विसळला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. मग काय ते ठरव."

शनिवारी आभाळ भरून होतं. दोघी पट्टीच्या कडेला बसल्या. शैलाताईंनी तनुजाच्या गळ्यात दुर्बीण अडकवली आणि एका खड्ड्याकडं बोट केलं. "त्याच्या डाव्या हाताला बघ."

"काही नाहीये."

"बघत राहा."

"आत्या, दगड आहेत गं नुसते... अय्या!" दगड उठला होता. उठून जरा पळाला, थांबला, मान वाकवली, परत आला आणि अंग फुलवून खाली बसला. खड्डा तिथून हातभर लांब. मजुराची कुदळ जरा सरकली असती, तर बसायला काही उरलंच नसतं.

तनुजानं दुर्बीण खड्ड्यांच्या ओळीवरून फिरवली. "आणि इथं झाडं आली तर?"

"झाडावर कावळा बसेल. कावळ्याला वरून सगळं दिसतं. हा पक्षी जन्मात झाडावर बसत नाही, तनू. तू घर बांधत होतीस ते याच्या शेजाऱ्याचं. आणि शेजारी अंडी खाणारा."

"मग तू मला हे कधीच का सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस. आणि आपल्या घरात न विचारता कोण सांगतं?"

तनुजानं दुर्बीण खाली घेतली. दुर्बिणीचे दोन गोल डोळ्यांभोवती उमटले होते. "मी सांगते उद्या सगळ्यांना. मीच सांगते. तू मधे बोलू नको."

राहिले बापूराव. खडकाळवाडीचं गाव शहरात गेलं तरी गावकी बापूरावांकडंच राहिली होती, आणि सोलापूर रस्त्याला त्यांचं मंगल कार्यालय होतं. परतताना दोघी तिथं गेल्या. बापूराव स्वतः खुर्च्या मोजून घेत होते.

"असं कसं म्हनता ताई?" ते उखडले. "नारळ आनलाय, सनईवाला सांगितलाय, पेपरचा मानूस येनार हाय! आता झाडं परत? लोक काय म्हनतील?"

"झाडं परत कुठं म्हणते मी? नारळ फोडा, सनई वाजवा. जागा तेवढी बदला."

"कुठं?"

शैलाताईंनी कार्यालयाभोवतीच्या मोकळ्या पटांगणाकडं बघितलं. मे महिन्यात तिथं गाड्या तापून अंडं उकडेल अशा होतात. "हे तुमचं आवार. पाणी तुमचं, राखण तुमची, सावली तुमच्या वऱ्हाडाची."

बापूरावांनी पटांगणाकडं नव्यानं बघितलं. "अन् पाटी?"

"तुमच्या नावाची."

"फोटू?"

"तुमचाच. माझ्यापेक्षा भरदार दिसेल."

बापूराव जरा घुटमळले. "तुमच्या हातात ती दुर्बीण हाय फोटूत. ती लई शोभती."

"दुर्बीण देईन की," शैलाताई म्हणाल्या. "पण फोटोपुरती. परत आणून द्यायची आणि काय दिसलं याची तक्रार करायची नाही."

रविवारी माळाच्या पायथ्याशी बसगाड्या लागल्या. हिरवे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी हातात खुरपी घेऊन उतरली. सातही वाड्यांची माणसं चौथऱ्यापाशी काठ्या टेकून उभी होती. तनुजा एका दगडावर चढली.

"हाय एव्हरीवन. प्लॅन चेंज झालाय. झाडं आपण दुपारी खाली, कार्यालयाच्या आवारात लावणार आहोत. आत्ता आपल्याला हे सगळे खड्डे बुजवायचेत. चूक माझी आहे. मी न विचारता खणले."

तिचे साहेब आमोद, सगळ्यांत पुढं उभे, त्यांनी चष्मा वर सरकवला. "तनुजा, म्हणजे आपण वृक्षारोपणाला येऊन वृक्ष न लावता..."

"हो सर. जमिनीवर अंडी आहेत. खड्डे भरायचे, पण जिथं लाल चिंधी लावलीय तिकडं जायचं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, पुण्यात जन्मभर खड्डे चुकवले. बुजवायचा चान्स पहिल्यांदा मिळतोय. चला!" हशा झाला आणि त्या हशातच माणसं पट्टीत उतरली.

खड्डे भरले, पण माती भुसभुशीत राहिली. आमोदसाहेबांनी एका खड्ड्यावर पाय दिला तो घोट्यापर्यंत आत. गेनबा एवढा वेळ बघत होता. आता पुढं आला. "ही माती आशीच ऱ्हायली तर पयल्या मोठ्या सरीला वाहून जानार. जनावराचा पाय मोडंल. दाबाया पायजे."

"रोलर मागवू?" आमोदसाहेबांनी विचारलं.

"हाय माझ्याकडं," गेनबा म्हणाला आणि त्यानं वाड्याकडं तोंड करून जीभ टाळूला लावून आवाज काढला.

मेंढरं आली. पण अंड्यांच्या दिवसांत पट्टीत मेंढरू घालायचं नाही, अशी तर त्याचीच आण. वाड्यांची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गेनबा चौथऱ्याशी गेला, वाकला, काहीतरी पुटपुटला आणि परत आला. "देवाला इचारलं. येक फेरी. पर येकाच जागी अंडी उरल्यात, तिथं मानूस उभं ऱ्हायला पायजे. मेंढरू मानसाला चुकवून जातं, अंड्याला न्हाय."

"मी राहते," शैलाताई पुढं झाल्या.

"तुमी न्हाय," तुळजाबाई म्हणाली. "जिनं खनलं ती."

तनुजा गेली. चिंधीपाशी, अंड्यांवर सावली पडेल अशी, पाय फाकवून उभी राहिली. धाविक लांब पळून एका दगडामागं थांबला होता. गेनबानं शीळ घातली आणि सगळा कळप पट्टीत शिरला. खूर वाजायला लागले, माती बसायला लागली. अंड्यांजवळ आल्यावर कळप असा दुभंगला, की जणू ओढ्यात धोंडा आहे. निम्मी मेंढरं इकडून, निम्मी तिकडून. तनुजा डोळे घट्ट मिटून, हात पसरून उभी. एका कोकरानं थांबून तिच्या हिरव्या टी-शर्टाचा काठ चावून बघितला, पण गवत नाही हे कळल्यावर तेही पुढं गेलं.

मग सगळ्यांना चौथऱ्यामागं नेऊन बसवलं. एवढी माणसं, पण खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. कारण आता सगळं त्या एका पक्ष्यावर होतं. तो परत आला नाही, तर खड्डे बुजवून काय जोडलं? शैलाताईंनी दुर्बीण नव्या डोळ्याला लावली. धाविक दगडामागून निघाला. पळाला, थांबला, वाकला. परत पळाला. दाबलेल्या मातीपाशी आला आणि मान ताठ करून उभा राहिला. बराच वेळ. मग वळून निघाला.

"काय झालं?" तनुजा कुजबुजली.

"गप."

धाविकानं लांबून वळसा घेतला, दुसऱ्या बाजूनं आला, अंड्यांजवळ थांबला. पोटाखालची पिसं फुलवली.

"बसला," शैलाताई म्हणाल्या.

टाळ्या वाजवायला उठलेल्या आमोदसाहेबांना दोघातिघांनी खाली ओढून बसवलं.

गेनबानं चौथऱ्यावरचा भंडारा चिमटीत घेतला, आधी शैलाताईंच्या कपाळाला लावला आणि मग तनुजासमोर मूठ धरली. "हिनं बी उचलायचा. मानसं वाढली तुमची."

तनुजानं हात पुढं केला. शब्द तुळजाबाईनं सांगितले, तेच. पण तनुजानं शेवटी आपल्या मनानं जोडलं, "आणि विचारल्याशिवाय काही करणार नाही." तुळजाबाई म्हणाली, "ह्ये मातर आमच्या बी मानसांनी म्हनाया पायजे," आणि तिनं गेनबाकडं बघितलं.

दुपारी कार्यालयात नारळ फुटला, सनई वाजली, वड-पिंपळ लागले. बापूरावांचा फोटो निघाला, दुर्बीण उलटी धरून.

पावसानं जोर धरला तसा शैलाताईंना त्या फ्लेक्सची आठवण झाली. माळावर चौकट होती, फ्लेक्स नव्हता. त्या गेनबाच्या वाड्यावर गेल्या, तर कोकरांच्या खोपटावर छपराला तो ताणून बांधला होता, चित्राची बाजू आत. वाकून आत बघितलं, तर पंधरावीस कोकरं कोरड्या जागेत एकमेकांना बिलगून बसलेली, आणि वरून दुर्बीण घेतलेल्या शैलाताई त्यांच्याकडं हसून बघतायत.

"लई चांगला फ्लेक्स हाय," तुळजाबाई म्हणाली. "येक थेंब गळत न्हाय. पुढल्या वर्षी आनिक कुनाची साठी हाय का तुमच्यात?"